बस जाईपर्यंत

आमच्या बिल्डिंगखाली शाळेची बस येऊन थांबली की आमच्या घरात कुणी बोलायचं नाही, असा नियम होता. नियम माझाच. पडदा ओढलेला, टीव्ही बंद. माझी दहा वर्षांची मुलगी त्या वेळी गॅलरीत मोगऱ्याला पाणी घालत असली तर तिनं झारी खाली ठेवायची आणि कठड्याच्या आड बसायचं, बस जाईपर्यंत. बस गेली की ती उठायची, झारी उचलायची आणि राहिलेल्या कुंड्या उरकायची. सुरुवातीला मी तिला खांद्याला धरून खाली बसवलं होतं. नंतर हॉर्न ऐकला की ती आपोआप बसायला लागली, आणि मला ते सोयीचं वाटलं.

माझी मुलगी शाळेत जात नाही. दोन वर्षं झाली, ती घरी शिकते. हे आम्ही आपण होऊन ठरवलंय. असं ठरवायचा आई-बापांना हक्क आहे असं मी मानते, आणि या विषयावर माझ्याशी कुणी वाद घातला तर मी त्याला पुरून उरेन. फक्त तो वाद फोनवर व्हायला हवा. समोर उभं राहून कुणी नुसतं "कितवीला हो तुमची?" असं विचारलं तर मी एकदा खाकरते आणि म्हणते, "पाचवीला."

बोईसरमध्ये हा प्रश्न चुकत नाही. आमची बिल्डिंग एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत. खालच्या मजल्यावर जळगावकडचे, वर सोलापूरचे, शेजारी बनारसचे. सगळे कारखान्यांच्या मागे आलेले, आणि सगळ्यांची धडपड एकाच गोष्टीसाठी, की आपण शिफ्टमध्ये झिजलो, पोरांनी तरी खुर्चीत बसावं. एखादी बाई दोन वेळा एकच भाजी करेल, पण पोराची शाळा चांगली बघेल. अशा ठिकाणी मी कुठल्या तोंडानं सांगायचं की आमच्या मुलीला आम्ही शाळेतून काढलंय? नापास झाली का, असं विचारतील. मग, काही आजार आहे का, असं विचारतील, आणि ते मला नाही, जिन्यात एकमेकींना. म्हणून मी सांगून टाकलं होतं की तिची शाळा लांब तारापूरकडे आहे आणि ती बापाबरोबर लवकर निघते. दोन वाजेपर्यंत ती खाली दिसणार नाही, याची काळजी मी घ्यायची.

काढलं का, तेही सांगते. दुसरीत असताना तिला रोज सकाळी उलटी व्हायची. रविवारी नाही, दिवाळीच्या सुट्टीत नाही, फक्त शाळेच्या दिवशी. बसमधल्या मावशींनी तिच्या सीटला प्लास्टिकची पिशवी अडकवून ठेवली होती. पोरं तिच्या शेजारी बसेनात. डॉक्टर म्हणाले, पोटात काही नाही. तिचं लिहिणं हळू होतं. फळ्यावरचं उतरवून व्हायच्या आत बाई फळा पुसायच्या, मग राहिलेलं मधल्या सुट्टीत उभं राहून लिहायचं. वाचायला मात्र वाण्याच्या पुडीचा कागद दिला तरी ती त्यात गढून जायची. वर्षाअखेरीस बाईंनी आम्हांला बोलावून घेतलं आणि तिच्यासमोरच म्हणाल्या, "हिला एक वर्ष मागे बसवू या. झेपत नाहीये हिला." मुलीनं माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं. माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, "मागे नाही बसणार ती. घरी बसेल." बाई हसल्या. त्या हसल्या नसत्या तर मी दुसऱ्या दिवशी माघार घेतली असती. माझा स्वभावच असा आहे, रागात काहीतरी बोलून बसायचं आणि मग ते निस्तरत राहायचं.

हे, म्हणजे माझा नवरा, स्कूटरवरून आम्हांला घेऊन आले. घरी आल्यावर बूट काढता काढता म्हणाले, "तुला पटतंय ना? मग कर." झालं. बाकीच्या बायकांना सासरी साधं वेगळं मसाल्याचं पाकीट आणायचं तरी विचारावं लागतं, आणि मला एका वाक्यात एवढी मोठी मोकळीक मिळाली. मी हुरळून गेले. मोकळीक माझी म्हणजे उत्तरंही मीच द्यायची, हे नंतर कळलं. कंपनीत कुणी पोरीबद्दल विचारलं की हे "मजेत आहे" म्हणतात आणि डबा उघडतात.

मग मी पद्धती शोधायला बसले. घरी शिकवायच्या इतक्या पद्धती असतील असं मला वाटलं नव्हतं. फोनवर अशा आई-बापांचा एक ग्रुप सापडला. कुणी पुण्याचे, कुणी गोव्याचे, कुणी कुठले. कुणी पेटीतले मणी-ठोकळे हातात देऊन शिकवणारे, कुणी नुसत्या गोष्टींवर, कुणी पोरांना घेऊन वर्षभर फिरणारे. पुढे बाहेरून दहावीची परीक्षा देता येते, हेही तिथेच कळलं. साडीच्या दुकानात गादीवर बसावं आणि समोर एकेक घडी उलगडत जावी, तसं मला झालं होतं. हे बघू, ते बघू, ते वरचं काढा.

पहिले काही महिने मी घरातच शाळा मांडली. हॉलच्या भिंतीवर वेळापत्रक, आणि तास संपला की स्टीलच्या ताटावर चमचा वाजवायचा. एक दिवस मी 'आपले शेजारी'चा धडा घेत होते. ती उठून बाथरूमकडे पळाली. उलटीचा आवाज ऐकला आणि माझ्या लक्षात आलं, नुसत्या बाई बदलल्यात. वेळापत्रक काढताना टेपबरोबर भिंतीचा रंग निघाला, तो चट्टा अजून आहे. मग ऑनलाइन कोर्स आणला. टॅबमधली बाई प्रत्येक उत्तराला "गुड जॉब" म्हणायची आणि चुकलं तर "गुड ट्राय". मुलगी म्हणाली, "आई, ही माझं ऐकतच नाहीये." तोही बंद केला. मग काहीच न शिकवायची पद्धत धरली. ग्रुपवर तिचं फार कौतुक चालायचं. मुलाला हवं ते मुलानं करायचं, आपण मागे राहायचं. मी मागे राहिले आणि धास्तीनं अर्धी झाले. ती दिवस दिवस लोळून वाचायची आणि मी स्वयंपाकघरातून तिच्याकडे, गॅसवर ठेवलेल्या दुधाकडे बघावं तशी बघत राहायची.

शेवटी आम्ही दोघींनी आपलं आपणच बसवलं. सकाळी थोडं गणित, थोडं लिहिणं, लिहायला लागेल तेवढा वेळ लागू दे. मग तिला जे सुचेल ते. एकदा भाजीची हळद तिच्या फ्रॉकवर सांडली. मी साबण लावला तर डाग लालभडक. "आई, लाल का झालं?" मला माहीत नव्हतं, आणि तसं मी सांगितलं. त्यानंतर आमच्या टेबलावर सगळ्या वाट्या आल्या. हळदीच्या पाण्यात साबण, हळदीच्या पाण्यात खायचा सोडा, लिंबू, चिंच, ताक. सोड्यानं लाल झालेलं लिंबानं परत पिवळं. ती टाचा उचलून नाचत होती. पहिल्या शिफ्टहून आलेल्या बापाला तिनं हात न धुता टेबलाशी ओढलं. ते केमिकलच्या कारखान्यात काम करतात. आयुष्यात पहिल्यांदा घरात कुणीतरी त्यांच्या कामाबद्दल विचारत होतं. ते तासभर बोलले. उलट्या कधी थांबल्या ते मला सांगता येणार नाही. थांबल्या होत्या, एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा वाट्या मांडून बसली, आणि मी आनंदाच्या भरात ग्रुपवर भला मोठा मेसेज लिहायला घेतला. आपल्या मुलानं कसं शिकायचं हे ठरवायचं स्वातंत्र्य आपल्याला आहे, ते भीत भीत वापरू नका, विचारणाऱ्याला ताठ मानेनं सांगा, वगैरे. मेसेज गेला आणि दाराची बेल वाजली. सकाळचे अकरा. शाळेची वेळ. मी मुलीकडे नुसतं बघितलं. तिनं हातातली वाटी न सांडता उचलली आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. खालच्या जळगावच्या ताई विरजण मागायला आल्या होत्या. टेबलाकडे बघून म्हणाल्या, "काय हो, एवढ्या वाट्या?"

"लोणच्याचा मसाला करतेय," मी म्हटलं.

त्या गेल्यावर फोन बघितला. ग्रुपवर बदाम, टाळ्या, आणि कुणीतरी लिहिलेलं, 'तुमच्यासारख्या धीट आया हव्यात.' मला तो फोन उलटा ठेवावासा वाटला. मुलगी दार उघडून आली आणि म्हणाली, "आई, मला शिंक आली होती, पण मी दाबली." शाब्बास, असं मी म्हटलं. म्हटलं म्हणजे तोंडून गेलं. आता आठवलं की कानशिलं तापतात.

चिंचणीला तर कहर होता. तिथे माझ्या सासूबाई राहतात. वाडीत चिकू, नारळ, थोडी पानवेल, आणि दारातून जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारून थांबवायची सवय. ह्यांची साप्ताहिक सुट्टी कधी मंगळवारी, कधी बुधवारी. त्या दिवशी आम्ही गेलो की सासूबाईंचा पहिला प्रश्न, "आज शाळा नाय?" मग मी सुट्ट्या काढायची. बाईंची मीटिंग आहे, शाळेत पाणी नाही, कुणी तरी वारलं. एकदा माझ्याच्यानं शाळेतला एक शिपाई दुसऱ्यांदा वारला, पण ते त्यांच्या लक्षात आलं नाही. त्या म्हणाल्या, "तुमच्या शाळेला सुट्ट्याच लय हायत. मास्तर पगार कशाचा घेतात?"

त्यांना संशय येईल म्हणून मग मी एकेकदा मुलीला गणवेश घालून न्यायला लागले, शाळेतून परस्पर आलोय असं दाखवायला. जुनाच गणवेश, राखाडी फ्रॉक आणि पांढरा शर्ट. पोर वाढत होती. एका दुपारी मी फ्रॉकची खालची दुमड उसवून तो लांब करत बसले होते आणि मधेच सुई धरलेला हात थांबला. शाळेत न जाणाऱ्या मुलीचा गणवेश मी वाढवून देत होते. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. मी ती शिवण पुरी केली.

सासूबाईंना का सांगत नव्हते? ह्यांनी मला तेच विचारलं. "सांगून टाक ना आईला."

"तुम्ही सांगा. तुमची आई आहे."

"निर्णय तुझा होता."

"आणि मुलगी?"

ते वर्तमानपत्र घेऊन गॅलरीत गेले. आमची भांडणं अशीच संपतात, कुणी जिंकत नाही आणि मुलगी सगळं ऐकत असते.

खरं कारण मला ठाऊक होतं. सासूबाई स्वतः दोन इयत्ता शिकल्या, मग वाडीत कामाला लागल्या. नात इंग्रजी शाळेत जाते, हे त्या चिंचणीच्या बाजारात भाजीवालीपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना सांगायच्या. मी त्यांच्या तोंडचा घास काढून घेणार होते, आणि तसं करताना त्यांच्या डोळ्यांना डोळा द्यायची माझ्यात ताकद नव्हती. त्या रागावल्या असत्या तर मी भांडले असते, भांडायला मी कधीच कमी पडत नाही. पण त्यांचा चेहरा पडला असता. ते मला बघवलं नसतं.

गेल्या श्रावणात त्यांचा फोन आला. समाजाच्या मंडळाचा गुणगौरव होता. दरवर्षी होतो. समाजातल्या हुशार मुलांना स्टेजवर बोलावतात, गुलाबाचं फूल, वह्या आणि कंपासपेटी देतात, आणि आज्या पुढच्या रांगेत बसून रडतात. सासूबाईंनी नातीचं नाव देऊन टाकलं होतं. "पयल्या नंबरात हाय असं सांगितलं मी," त्या म्हणाल्या. "मार्कशीट नाय लागत. अध्यक्ष माज्या माहेरचा हाय. फक्त पोरीला शाळेच्या कपड्यात आणा."

पहिला नंबर मी कधीच सांगितला नव्हता. हुशार आहे, एवढंच म्हटलं होतं. पण ज्या घरात शिपाई दोनदा वारतो, तिथे पहिला नंबर यायला कितीसा वेळ लागणार? त्या क्षणी मी बोलू शकत होते. फोन कानाला होता, त्यांचा चेहरा दिसत नव्हता, याहून सोपी वेळ आली नसती. मी म्हटलं, "बरं आई, येतो."

जुना गणवेश आता कितीही उसवला तरी पुरणार नव्हता. बोईसरच्या दुकानात घ्यावा तर दुकानदार ओळखीचा, शाळेचं नाव विचारणार. म्हणून मी मुलीला घेऊन पालघरला गेले. स्टेशनजवळच्या गल्लीत गणवेशाची दुकानं आहेत. राखाडी आणि पांढरा निम्म्या शाळांचा असतोच. दुकानदारानं तिच्या खांद्याला टेप लावली. "कोणती शाळा, बेटा?" ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "बाहेरगावी असते." त्यानं फ्रॉक काढून दिला. मी तिच्या अंगाला लावून बघत होते तेव्हा तिचा हात माझ्या हाताला लागला. बर्फासारखा गार. अगदी हळू, दुकानदाराला ऐकू जाणार नाही अशा आवाजात तिनं विचारलं, "आई, मी परत जाणार आहे का?"

"नाही गं बाळा. हे नुसतं घालायला."

"किती वेळ?"

"एक दिवस. आजीसाठी."

तिनं मान हलवली. येताना तिला उसाचा रस घेतला. तिनं तो अर्धाच प्यायला आणि पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली.

त्या आठवड्यात आमच्याकडे एक नवीन पाठ सुरू झाला. कुणी विचारलं तर शाळेचं नाव काय सांगायचं. कितवी, तुकडी कोणती. पद्धती मी कितीतरी करून पाहिल्या होत्या, पण एवढं मन लावून मी तिला काहीच शिकवलं नव्हतं. मीच अध्यक्ष व्हायची, मीच प्रश्न विचारायची. ती एकदाही अडखळली नाही. उलट तिनंच विचारलं, "आणि वर्गशिक्षिकेचं नाव? त्यांनी विचारलं तर मी थांबेन आणि त्यांना कळेल." मी एक नाव ठरवून दिलं. तिनं ते दोनदा पुटपुटून पाठ केलं.

रविवारी सकाळी चिंचणीच्या हॉलमध्ये आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. खिडकीतून समुद्राचा वारा येत होता आणि बॅनर फडफडत होता. सासूबाई पहिल्या रांगेत, ठेवणीतलं लुगडं नेसून, अंबाड्यात अबोली माळून. एकेक नाव पुकारलं जात होतं. आमचं नाव आलं. नव्या फ्रॉकची घडी अजून मोडली नव्हती, ती तशीच ताठ चालत गेली. अध्यक्षांनी माइक तिच्यासमोर धरला. शाळा? तिनं सांगितली. कितवी? सांगितली. बाई कोण? तेही विचारलं, आणि तिनं तेही सांगितलं. मी जसं घोटून घेतलं होतं तसंच, माझ्याच सुरात. मग अध्यक्ष लाडानं म्हणाले, "आवडता विषय कोणता आपला?"

हे मी शिकवलं नव्हतं. तिचा चेहरा एकदम उजळला. त्या सबंध सकाळी पहिल्यांदा ती माझी मुलगी दिसली. "हळद," ती म्हणाली. "म्हणजे हळदीच्या पाण्यात आपण साबण..." आणि तिची नजर माझ्याकडे आली. माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला माहीत नाही. आरसा नव्हता, आणि असता तर मी बघितलं नसतं. तिला मात्र ते कळलं. तिनं तोंड मिटलं, आणि पुन्हा उघडलं तेव्हा म्हणाली, "गणित."

हॉलभर टाळ्या वाजल्या. सासूबाई पदरानं डोळे पुसत होत्या. शेजारच्या बाईनं माझ्या मांडीवर थोपटून म्हटलं, "किती धीट हाय पोरगी." मी हसले. जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं, असं म्हणतात ना लोक, तसं मला खरोखर वाटलं. पाय चपलेत होते आणि चपलेखाली फरशी होती, आणि मी हसत होते.

कार्यक्रमानंतर हे आईला स्कूटरवरून वाडीत सोडायला गेले. आम्ही दोघी एसटीच्या थांब्यावर बसलो. मुलीच्या मांडीवर कंपासपेटी होती, तिचं झाकण ती उघडत आणि मिटत होती.

"आई, मी बरोबर बोलले ना?"

"हो."

"हळद चुकून आलं."

"असू दे."

तिनं झाकण एकदा मिटलं, पुन्हा उघडलं. मग म्हणाली, "मी ढ आहे ना, म्हणून तू मला लपवतेस."

"कोण म्हणालं तुला ढ?"

"तू."

"मी? कधी म्हणाले मी असं?"

"म्हणत नाहीस. बेल वाजली की तू बघतेस ना माझ्याकडे, तेव्हा."

ग्रुपवर पानंच्या पानं लिहिणारी मी एसटीच्या रस्त्याकडे बघायला लागले. तिनं कंपासपेटीतलं कर्कटक काढून त्याचं टोक बोटानं चाचपलं, ते परत नीट जागेवर ठेवलं आणि अगदी समजूतदारपणे म्हणाली, "मी जाते ना परत शाळेत. गणवेश पण आणलाय आता. मग तुला खाकरायला नको, कुणी कितवी विचारलं तर. आणि पिशवी मी घरूनच नेईन. मावशींना सांगायला नको."

मी तिला शाळेतून काढलं ते कशासाठी? चारचौघांत तिची मान खाली जाऊ नये म्हणून. त्या बाईंनी वर्षभरात तिला जेवढं खाली बघायला लावलं, त्याहून जास्त मी दोन वर्षांत लावलं होतं, तेही घरात, लाडात वाढवत, वाट्या मांडून देत. स्वातंत्र्य स्वातंत्र्य म्हणून मी जे मिरवत होते ते सगळं माझं होतं. तिच्या वाट्याला कठड्याखालची जागा आली होती. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी तिला जवळसुद्धा घेऊ शकले नाही. हात उचललाच नाही.

"तू शाळेत जाणार नाहीस," मी शेवटी म्हटलं. "तुला जायचं असेल तरच जायचं. माझ्यासाठी नाही. आणि लपायचं पण नाही आता. मी सांगेन सगळ्यांना."

"आजीला पण?"

"आजीला पण."

तिनं मान हलवली. पालघरच्या दुकानात हलवली होती तशीच. एसटी आली. कंडक्टर तिच्या गणवेशाकडे बघून म्हणाला, "काय ताई, रविवारी शाळा?" मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "नाही, कार्यक्रम होता." किती सहज.

सोमवारी मी मुद्दाम लवकर उठले. पडदा सारला, गॅलरीचं दार सताड उघडलं. मुलगी झारी घेऊन कुंड्यांशी होती. मी तिच्या शेजारी कठड्याला टेकून उभी राहिले. हॉर्न वाजला, बस वळून खाली थांबली. जळगावच्या ताई मुलाला घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सहज वर बघितलं. "आज दिसलात हो. तुमची गेली का शाळेत?"

खाकरायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि नाही खाकरले. "ती शाळेत जात नाही," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखीचा वाटला नाही. "दोन वर्षं झाली. घरीच शिकते. मी तुमच्याशी खोटं बोलले होते."

ताईंनी मुलाला बसमध्ये चढवलं. "हो का," त्या म्हणाल्या. मग मुलाची पाण्याची बाटली राहिली होती ती खिडकीतून द्यायला वळल्या. एवढंच झालं. जिन्यात काय बोलायचं ते बोलतील, बोलू देत. चिंचणीला अजून जायचं होतं आणि ते याहून कठीण होतं. पण तोंडातून एकदा निघालं होतं. मला हलकं वाटत होतं, आणि ते हलकं वाटणं तिला दाखवायला मी वळले.

ती शेजारी नव्हती. खाली कठड्याला पाठ लावून, गुडघे छातीशी घेऊन बसली होती. झारी बाजूला नीट ठेवलेली. माझं सगळं बोलणं तिनं तिथूनच ऐकलं होतं.

"ऊठ," मी म्हटलं. "सांगितलं मी त्यांना. ऐकलंस ना?"

तिनं हो म्हणून मान हलवली, ओठांवर बोट ठेवलं, आणि तशीच बसून राहिली, बस जाईपर्यंत.